रुक्मिणीदेवी, कलाक्षेत्र आणि 'जीर्णोद्धार' हा शब्द: स्मरणिकेत काय लिहावे?

वारणाकाठ (सांगली)

नमस्कार. माझी मुलगी गेली पाच वर्षे विश्रामबागेतल्या एका वर्गात भरतनाट्यम शिकते आहे. तिच्या ताईंचे शिक्षण चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेतून बाहेर पडलेल्या एका गुरूंकडे झाले असल्यामुळे 'आपली कलाक्षेत्राची बाणी' (म्हणजे शैली) हे शब्द वर्गात, आणि आता आमच्या घरातही, रोज ऐकू येतात. यंदा वर्गाचा वार्षिक कार्यक्रम भावे नाट्यमंदिरात आहे. त्यानिमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी कलाक्षेत्राच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा दोन पानांचा परिचय लिहिण्याचे काम ताईंनी माझ्याकडे दिले आहे. मी शाळेत मराठी शिकवते. नृत्य मला प्रेक्षक म्हणून मनापासून आवडते, पण त्यापलीकडे माझा त्यात अधिकार नाही.

वाचायला लागले तेव्हा परस्परांशी न जुळणाऱ्या दोन हकिगती समोर आल्या. एकीत असे आहे की दक्षिणेतले हे नृत्य लोकनिंदेत सापडून नष्ट होऊ लागले होते आणि रुक्मिणीदेवींनी त्याचा जीर्णोद्धार करून ते घराघरांतल्या मुलींपर्यंत पोहोचवले. दुसरीत असे आहे की हे नृत्य ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यांनाच रंगमंचावरून बाजूला व्हावे लागले, त्यांच्या जागी प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया आल्या आणि रुक्मिणीदेवी या त्यांतल्या सर्वांत ठळक होत्या. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात मी 'जीर्णोद्धार' हा शब्द लिहिला होता. तो वाचून मुलीने विचारले, "आई, आधी नाचणाऱ्या त्या देवदासी म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडतात त्याच का?" आमच्या भागात तो शब्द किती जड आहे हे इथल्या वाचकांना सांगायला नको. मला उत्तर देता आले नाही आणि मी लेख बाजूला ठेवला.

जाणकारांनी कृपया तीन गोष्टी सांगाव्यात. रुक्मिणीदेवींनी नेमके काय केले? 'जीर्णोद्धार' हा शब्द वापरावा की नाही? आणि कलाक्षेत्राची बाणी म्हणजे डोळ्यांना दिसणारे असे काय, जे माझ्यासारख्या पालकालाही ओळखता येईल?

अरमंडी

ताई, मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तेवढेच मी स्वतःच्या शरीराने शिकले आहे. मीही कलाक्षेत्राच्या पद्धतीने अकरा वर्षे शिकले आणि आता लहान मुलींना शिकवते.

पुढच्या वेळी मुलीला आणायला जाल तेव्हा दहा मिनिटे आधी जा आणि तिचे कोपर बघा. नाट्टडवू करताना (अडवू म्हणजे नृत्याचा मूळ घटक, हातापायांची एक ठरलेली हालचाल) हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरलेले असतात. मुली दमल्या की सर्वांत आधी कोपर खाली येते. कलाक्षेत्राच्या पद्धतीत ते खाली आलेले चालत नाही. टाचा जुळलेल्या, गुडघे बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडलेले आणि पाठ ताठ अशी अर्धी बैठक म्हणजे अरमंडी. तीत उभे राहिल्यावर दोन मांड्या आणि दोन पोटऱ्या मिळून जो चौकोन तयार होतो तो समोरून स्पष्ट दिसला पाहिजे, आणि तो मोडू न देता त्याच चौकोनातून पाय आपटला गेला पाहिजे. हात पसरला तर तो सरळ रेषेतच पसरायचा, वाकलो तर कोन ठरलेला, नजर हाताबरोबर जायची. या स्वच्छ, मोजलेल्या रेषा हे बाणीचे पहिले लक्षण. दुसरे लक्षण म्हणजे अभिनयातला संयम. भुवई, ओठ, मान यांच्या हालचाली मोजक्या असतात आणि भाव चेहऱ्यावर सांडू न देता आतून यावा अशी अपेक्षा असते. ज्यांना हे आवडत नाही ते याला कोरडेपणा म्हणतात. शिकवणारा कमी पडला तर खरोखरच कोरडेपणा येतो, हे मी नाकारणार नाही.

या रेषा आल्या कुठून, हेही महत्त्वाचे आहे. रुक्मिणीदेवींचे शिक्षण तंजावूर भागातल्या पंदनल्लूर गावचे नृत्यगुरू मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे झाले आणि कलाक्षेत्राचे मूळ अडवू पंदनल्लूरच्या परंपरेतले आहेत. रुक्मिणीदेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते असे की हे अडवू गटागटाने लावले आणि एकेक अडवू तीन काळांत, म्हणजे विलंबित, मध्य आणि द्रुत गतीत, पक्का झाल्याशिवाय पुढे जायचे नाही असा शिरस्ता घातला. तुमच्या मुलीने पहिले वर्षभर 'तै या तै' या बोलांवर नुसता तट्टडवू घोटला असेल आणि तुम्हाला कदाचित वाटले असेल की ही नाचणार कधी. माझ्या आईलाही तसेच वाटत होते. ताईंच्या हातातली लाकडी काठी ठोकळ्यावर पडते, ती तट्टुकळी. तिच्या आवाजाबरोबर वीस मुलींचे पाय एका क्षणी जमिनीला लागतात, तेव्हा त्या वर्षभराचा अर्थ कळतो.

कलाक्षेत्रातला पदविका अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि त्यात नृत्य शिकणाऱ्याला गाणेही शिकावे लागते. सकाळी सगळे विद्यार्थी वडाच्या झाडाखाली प्रार्थनेला जमतात आणि मग दिवस सुरू होतो. तिथे कथकळीचे शिक्षणही सुरुवातीपासून होते. रुक्मिणीदेवींनी बसवलेल्या नृत्यनाटकांत, विशेषतः रामायणावरच्या मालिकेत, पुरुषपात्रांच्या चालीत कथकळीचा जो भारदस्तपणा दिसतो तो त्यामुळेच.

इतिहासाबद्दल माझ्यापेक्षा जास्त वाचलेले लोक इथे आहेत. एवढेच सांगते की मध्यमाच्या लेखी परीक्षेत 'रुक्मिणीदेवींनी भरतनाट्यमचे पुनरुज्जीवन केले' हे वाक्य मीही पाठ करून लिहिले होते, आणि त्या वेळी मला त्यांच्या गुरूंपैकी एकाचेही नाव सांगता आले नसते.

जुने दप्तर (सातारा)

मूळ प्रश्नातल्या 'जीर्णोद्धार' या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळी अडचण त्या शब्दात आहे.

आधी थोडक्यात घटना. रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुरैत झाला. वडील थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांचे असल्यामुळे कुटुंब मद्रासमधल्या अडयारला आले आणि १९२० साली रुक्मिणीदेवींचा विवाह सोसायटीतले इंग्रज कार्यकर्ते जॉर्ज अरुंडेल यांच्याशी झाला. त्या काळच्या मद्रासेत या विवाहाने मोठी खळबळ उडाली होती. पतीबरोबरच्या परदेश प्रवासांत त्यांची रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा यांच्याशी ओळख झाली. त्या आधी बॅले शिकू लागल्या, आणि आपल्या देशातले नृत्य शोधावे ही प्रेरणाही त्यांना पाव्हलोव्हांकडूनच मिळाली. १९३३ मध्ये मद्रासच्या संगीत अकादमीत त्यांनी 'सदिर' पाहिले. सदिर हे या नृत्याचे तेव्हाचे नाव. ज्या कलावतींचे नृत्य त्यांनी तिथे पाहिले त्या देवदासी परंपरेतल्या, मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्या शिष्या होत्या. त्यानंतर रुक्मिणीदेवी आधी मैलापूर गौरी अम्माळ यांच्याकडे आणि मग मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या. १९३५ च्या अखेरीस अडयारला सोसायटीच्या हीरकमहोत्सवात त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर नृत्य केले. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. या वयात एखाद्या स्त्रीने नव्याने अरमंडीत बसणे म्हणजे काय, हे 'अरमंडी' यांनी सांगावे. मला तो भाग त्यांच्या चरित्रातला सर्वांत थक्क करणारा वाटतो.

आता शब्दाकडे येतो. जीर्णोद्धार आपण कशाचा करतो? ज्या देवळात दिवाबत्ती थांबली आहे, ज्याच्या भिंतीतून पिंपळ उगवला आहे, त्याचा. इथे दिवाबत्ती चालू होती. गौरी अम्माळ मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळाशी जोडलेल्या नर्तकी होत्या. देवदासी परंपरेतल्या थोर नर्तकी टी. बालसरस्वतींनी १९२५ साली, सात वर्षांच्या असताना, कांचीपुरमच्या देवळात पहिले नृत्य केले होते, म्हणजे कलाक्षेत्राच्या स्थापनेच्या अकरा वर्षे आधी. पंदनल्लूरला मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै शिकवतच होते, नाहीतर रुक्मिणीदेवी शिकल्या कोणाकडे? संकट मोठे होते, हे खरे आहे. मद्रास इलाख्यात नाच ठेवण्याविरुद्धची चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालू होती. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी मुली देवाला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदेमंडळात लढा दिला आणि शेवटी १९४७ मध्ये मद्रासमध्ये ती प्रथा बंद करणारा कायदा झाला. मुथुलक्ष्मींची आई देवदासी समाजातली होती. त्यांचा हेतू मुलींना सोडवण्याचा होता आणि त्याबद्दल त्यांना दोष देणारा मी नाही. परंतु त्याच लाटेत ज्या स्त्रियांच्या अंगात ही कला होती त्यांचे उत्पन्न, मान आणि रंगमंच तिन्ही गेले, हेही तितकेच घडले.

दुसऱ्या बाजूला ई. कृष्ण अय्यर हे वकील या कलेच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी स्वतः स्त्रीवेष घेऊन हे नृत्य केले आणि संगीत अकादमीच्या मंचावर परंपरेतल्याच कलावतींना आणले. 'भरतनाट्यम' हे नाव रूढ होण्यामागे अकादमीतल्या याच मंडळींचा पुढाकार होता. रुक्मिणीदेवी या गोष्टीत त्यांच्यानंतर येतात. म्हणून 'जीर्णोद्धार' हा शब्द मी वापरणार नाही. त्याऐवजी असे लिहीन की एका पिढीजात विद्येला त्यांनी शाळा दिली. हे काम मोठे आहे आणि ते त्यांचेच आहे.

वारणाकाठ (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. 'शाळा दिली' हे शब्द मला फार पटले. काल वर्गावर लवकर जाऊन कोपरही बघितले. ताईंनी दोनदा टोकले तेव्हा ते वर गेले.

दोन गोष्टी अजून उलगडल्या नाहीत. मुलीचा यल्लम्माचा प्रश्न तसाच आहे. शिवाय मी असे वाचले की बालसरस्वती आणि रुक्मिणीदेवी यांच्यात शृंगारावरून तीव्र मतभेद होते. बारा वर्षांच्या मुलींच्या स्मरणिकेत हा विषय यावा का, याचाही संकोच वाटतो आहे.

जुने दप्तर (सातारा)

मुलीचा प्रश्न टाळू नका, तो योग्य आहे. शब्द एक असला तरी त्याखाली वेगवेगळ्या प्रदेशांतले वेगवेगळे इतिहास दडले आहेत. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरात राजराज चोळाच्या काळचा, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभीचा, शिलालेख आहे. त्यात देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावे आणि त्यांना दिलेली घरे नोंदलेली आहेत. पुढच्या शतकांत देऊळ आणि दरबार या दोन्हींच्या आश्रयाने गायन, वादन आणि नृत्य ही तिन्ही अंगे सांभाळणारी घराणी तिथे उभी राहिली. बायका नाचत आणि गात, पुरुष नट्टुवनार म्हणून शिकवत आणि टाळ धरत. बालसरस्वतींच्या आजी वीणा धनम्माळ या दक्षिणेतल्या थोर वीणावादक होत्या. आपल्याकडे सौंदत्तीला मुली सोडण्याची जी प्रथा आहे तिच्या मुळाशी दारिद्र्य, जात, नवस आणि अंगावर आलेली जट आहे, आणि तिच्यातून त्या मुलींना मिळाले ते बहुतेक दुःखच. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच तिच्याविरुद्ध कायदा झाला होता. शोषण तंजावूरकडेही होते. तिथल्या स्त्रियांच्या आयुष्याचे निर्णयही पुष्कळदा आश्रयदात्यांच्या हाती असत. फरक असा की तिथे त्या आयुष्यातून एक विद्याही वाढली. मुलीला सांगा की शब्द तोच आहे, पण नृत्य करणाऱ्या त्या आज्या विदुषी होत्या. बारा वर्षांच्या मुलीला एवढे नक्की कळते.

शृंगाराबद्दल. रुक्मिणीदेवींनी काही पदे आणि काही हावभाव वगळले, भक्तीवर भर दिला, देवळातल्या मूर्ती पाहून वेष नव्याने बेतला आणि नर्तकीच्या मागे उभे राहून तिच्याबरोबर पुढेमागे सरकणाऱ्या साथीदारांना रंगमंचाच्या एका बाजूला बसवण्याची रीत रुळवली. बालसरस्वतींचे म्हणणे असे की शृंगार हाच या नृत्याचा श्रेष्ठ भाव आहे, तो मुळातच पवित्र आहे आणि त्यातून काही गाळण्याची गरज नाही. १९७५ साली मद्रासला तमिळ इसै संगमच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी कार्यक्रमातल्या रचनांच्या ठरलेल्या क्रमाची, म्हणजे संपूर्ण मार्गम्‌ची तुलना देवळाशी केली होती. अलारिप्पू म्हणजे गोपुर, जतिस्वरम् म्हणजे अर्धमंडप, शब्दम् म्हणजे मोठा मंडप, वर्णम् म्हणजे देवाचे सान्निध्य, पदम् म्हणजे गर्भगृहातला निवांतपणा आणि शेवटचा तिल्लाना म्हणजे कापूरआरती. हे रूपक मुलींना जरूर सांगा. मंडपातून गाभाऱ्याकडे जाताना आवाज कसा कमी होत जातो, हे गणपती मंदिरात जाणाऱ्या सांगलीच्या कोणत्याही मुलीला ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. बालसरस्वतींनी अभिनयाचे धडे गौरी अम्माळांकडे घेतले होते. म्हणजे ज्या दोन स्त्रियांची मते टोकाची भिन्न मानली जातात त्यांना शिकवणारी एक स्त्री समान होती, आणि दोन पानांच्या परिचयात बहुधा तिचेच नाव सुटते.

निरूपण

उशिरा आलो, पण सांगलीतून निघणाऱ्या स्मरणिकेत एक भाग नसला तर चुटपुट लागेल, म्हणून लिहितो.

मार्गम्‌चा जो क्रम 'जुने दप्तर' यांनी वर दिला आहे तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी घडवला. 'तंजावूर चतुष्टय' म्हणून ते ओळखले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते तंजावूरच्या मराठी दरबारात होते, म्हणजे भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) आणि त्यांच्या पुत्राच्या काळात. मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै या भावांच्याच वंशपरंपरेतले. म्हणजे तुमच्या मुलीच्या ताई, त्यांचे गुरू, कलाक्षेत्र, रुक्मिणीदेवी, पंदनल्लूर आणि तंजावूरचा मराठी दरबार असा धागा सलग जातो. सरफोजींनी स्वतः मराठीत नृत्यासाठी 'निरूपणे' रचली. एकच कथानक घेऊन जयजय, शरणु, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे करत मंगळापर्यंत अठरा अंगांतून ते पुढे न्यायचे, अशी त्यांची बांधणी आहे. आजच्या मार्गम्‌मध्ये प्रत्येक रचनेचा विषय वेगळा असतो. तिथे मात्र आरंभापासून शेवटपर्यंत एकच कथा चालते. ही मराठी निरूपणे तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली, आणि मालवणला जन्मलेल्या, मुंबईत भरतनाट्यम शिकवणाऱ्या आचार्य पार्वतीकुमार यांनी कष्टाने ती नृत्यात बसवली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर आणली.

सांगलीला या गोष्टीचे विशेष अगत्य असायला हवे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. त्याच्याही दीडशे वर्षे आधी तंजावूरला शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) मराठीत नाटके लिहिली होती. ज्या भावे नाट्यमंदिरात मुली नाचणार आहेत त्या नावामागेही दक्षिणच आहे. जमल्यास कार्यक्रमात एखादे मराठी पद घ्या. मराठी माणसाने भरतनाट्यमला किती दिले हे लोकांना कळले पाहिजे.

अरमंडी

'निरूपण' यांची माहिती मोलाची आहे आणि मराठी पद घेण्याची सूचनाही मला आवडली. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र आदराने थोडे वेगळे मत मांडते. दरबार मराठी होता, राजे जाणकार होते आणि त्यांनी स्वतः रचना केल्या, हे सगळे खरे. पण चार भाऊ तमिळ नट्टुवनार घराण्यातले होते आणि नाचणाऱ्या स्त्रिया तिथल्याच होत्या. आपण इतका वेळ गौरी अम्माळांचे नाव का सुटते यावर बोलत आहोत, आणि त्याच लेखात आश्रयदात्याचे नाव ठळक करून घडवणाऱ्यांना पुन्हा मागे ढकलले तर ताईंचा मूळ प्रश्न तिथेच राहील. 'मराठी दरबाराच्या आश्रयाने' एवढे लिहावे. ते अभिमानाला पुरेसे आहे.

'जुने दप्तर' यांनी एकतीस वर्षांच्या वयाबद्दल मला विचारले होते. गुडघे बाहेर उघडतात ते मांडीच्या खुब्यातून. मुलगी सात-आठ वर्षांची असली तर खुबा ऐकतो. तिशीत तो ऐकत नाही, रोज थोडा थोडा मनवावा लागतो, आणि पहिले कित्येक महिने जिने उतरताना भिंत धरावी लागते. माझ्याकडे अठ्ठावीस वर्षांच्या एक विद्यार्थिनी आल्या होत्या, त्यांचे मी पाहिले आहे. रुक्मिणीदेवींनी ते करून वर लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य दाखवले, तेही अशा काळात जेव्हा त्यांच्या समाजातल्या स्त्रीने हे नृत्य करणे म्हणजे नाव घालवणे होते.

शाळेबद्दल मला आणखी थोडे म्हणायचे आहे, कारण मी रोज तेच करते. नट्टुवनारांच्या घरी शिकणारी मुलगी गुरूच्या घरातच वाढायची. तिला अडवू शिकवला जायचा, पण त्याबरोबर पदे, राग, लय, वडिलधाऱ्यांच्या बैठकी हे सगळे आपोआप कानावर पडायचे. बालसरस्वती नाचताना गात, आणि एकाच ओळीचा भाव आयत्या वेळी दहा प्रकारांनी फुलवत, कारण ते पद त्यांनी आजीच्या अंगणात ऐकलेले होते. आठवड्यातून तीन संध्याकाळी, शाळेचे दप्तर कोपऱ्यात ठेवून येणाऱ्या पंचवीस मुलींना ते देता येत नाही. त्यांना देता येते ती स्वच्छ, क्रमवार, चूक दाखवता येईल अशी पद्धत. रुक्मिणीदेवींना हे उमगले होते. म्हणून त्यांनी नृत्याच्या शाळेत गायन आणले, टायगर वरदाचारियर, म्हैसूर वासुदेवाचार्य यांच्यासारखे थोर संगीतकार आणले, विणकामाचे माग आणले, झाडांखाली वर्ग भरवले. हरवलेले घराचे वातावरण आवारात उभे करण्याचा तो प्रयत्न होता, असे मला वाटते. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या वर्गापर्यंत मात्र त्यातली पद्धत तेवढी पोहोचते, आवार पोहोचत नाही. साथीला ध्वनिमुद्रित संगीत असते आणि मुलींना पदाचा अर्थ तमिळ वा तेलुगूतून मराठीत सांगावा लागतो. मी गेल्या वर्षापासून पद शिकवण्याआधी महिनाभर ते नुसते गायला लावते. पालकांना वाटते वेळ वाया चालला आहे. पण परवा त्यातली एक मुलगी 'कृष्णा नी बेगने बारो' गाताना आपण होऊन थांबली आणि तिने बाळाला बोलावण्याचा हात बदलला. तो तिला मी शिकवला नव्हता.

आणखी एक, जे परिचयांत क्वचित येते. नट्टुवांगम्, म्हणजे टाळ घेऊन बोल म्हणण्याचे काम, परंपरेने पुरुष गुरूंचे होते. कलाक्षेत्रात रुक्मिणीदेवींनी आणि त्यांच्या शिष्यांनी ते स्वतः हातात घेतले. आज तुमच्या ताई रंगमंचाच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यात टाळ घेऊन बसतील तेव्हा मुलींना हे दाखवा.

वारणाकाठ (सांगली)

काल रात्री मसुदा पुन्हा लिहिला. सुरुवातीचा परिच्छेद इथे देते, बाकीचा ताईंना दाखवून मग टाकीन. मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर देताना आधी वाटले होते तितका संकोच वाटला नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले की गौरी अम्माळांचा फोटो कार्यक्रमात लावता येईल का. ताई हो म्हणाल्या आहेत. रुक्मिणीदेवी आणि मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्या फोटोंबरोबर तोही असेल.

"१९३६ साली अडयारला कलाक्षेत्राची स्थापना करून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पहिल्यांदा लोकांसमोर नृत्य केले आणि एका पिढीजात विद्येला शाळा दिली. ही विद्या त्यांना मैलापूर गौरी अम्माळ आणि पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडून मिळाली. ज्या घराण्यांनी ती शतकानुशतके सांभाळली त्यांतल्या स्त्रियांची नावे आपल्याला फार थोडी माहीत आहेत. आमच्या वर्गातल्या मुली जो पहिला अडवू शिकतात तो त्या घरांतून आलेला आहे."

राज्यसभेवरची नियुक्ती, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा व्हावा म्हणून त्यांनी केलेले काम आणि १९७७ साली राष्ट्रपतिपदासाठी झालेली विचारणा त्यांनी नाकारली, या गोष्टी एका परिच्छेदात घेतल्या आहेत. त्या नृत्याइतक्या विस्ताराने लिहाव्यात असे मला वाटले नाही.

जुने दप्तर (सातारा)

परिच्छेद उत्तम उतरला आहे. फक्त पहिल्या वाक्यातला क्रम उलटा झाला आहे तो सुधारा. पहिले नृत्य १९३५ च्या अखेरीस आणि संस्था जानेवारी १९३६ मध्ये. शिवाय संस्थेचे पहिले नाव 'इंटरनॅशनल ॲकॅडमी ऑफ आर्ट्स' होते. 'कलाक्षेत्र' हे नाव त्यानंतर मिळाले आणि तिरुवान्मियूरच्या आजच्या आवारात ती १९६२ साली गेली. तेव्हा 'पुढे कलाक्षेत्र या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेची' असे लिहावे. प्राण्यांविषयीच्या कायद्याचे वर्ष १९६०, राज्यसभेचे १९५२. फोटोंच्या ओळीत गौरी अम्माळांच्या नावापुढे 'मैलापूर' लिहायला विसरू नका, त्या त्याच नावाने ओळखल्या जात.